मेजरांची साडेसातची गिनती

मेजर आमच्या शाळेत शिपाई होते. हे आधीच सांगून टाकते, कारण मी त्यांच्याविषयी बोलायला लागले की ऐकणारा मध्येच विचारतो, कुठला विषय शिकवायचे? शिपाई होते म्हटलं की त्याचा चेहरा जरा सैल पडतो. मला त्या सैल पडणाऱ्या चेहऱ्याचा राग येतो. आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर. मला शिकवणाऱ्या सगळ्यांविषयी मला आदर आहे आणि सत्काराच्या वेळी तो मी बोलूनही दाखवते. पण मी शिकले ती एका शिपायामुळे, आणि त्या शिपायाला शाळेनं काढून टाकलं, हे सत्काराच्या भाषणात बसत नाही. म्हणून इथं लिहिते.

मेजर हे त्यांचं नाव नव्हतं, हुद्दाही नव्हता. फौजेतून ते हवालदार होऊन परत आले होते. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही लोक मेजर म्हणतात, तसं त्यांनाही म्हणत. मूळचे फलटणकडचे. नोकरीमुळे शिराळ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या उसातल्या गावात आले आणि शाळेमागच्या खोलीत एकटे राहिले. अंगात शिपायाचा खाकी शर्ट आणि पायात आरशासारखे काळे बूट. हेडमास्तरांच्या चपलेपेक्षा शिपायाचा बूट चमकतो म्हणून शिक्षक हसायचे. मेजर म्हणायचे, "चप्पल घालून माणूस नुसता चालतो. बूट घालून ड्युटीवर जातो."

शाळेच्या वऱ्हांड्यात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. त्यावर मेजर लोखंडी दांडक्यानं टोले द्यायचे ती आमची घंटा. दहा चाळीस म्हणजे दहा चाळीस. त्या घंटेवर गिरणीवाला गिरणी सुरू करायचा आणि बाया खुरपणीला निघायच्या. गावात घड्याळं होती, पण विश्वास घंटेवर होता.

उशिरा येणाऱ्यांचं मेजर फाटकात स्वागत करायचे. मुलगा असला तर मैदानाला दोन फेऱ्या. मुलगी असली तर टाचा जुळवून सॅल्यूट. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गणिताच्या सरांनी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. मेजर म्हणाले, "सर, पोरगी उशिरा आली म्हंजे घरातनं सुटून आली. पोरगं उशिरा आलं म्हंजे वाटंत कुटंतरी थांबून आलं."

त्या दिवशी मी घरची धुणी-भांडी उरकून, म्हशीला वैरण टाकून, पळत आले होते. माझा दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो माझ्याआधी अर्धा तास घरातून निघाला होता आणि माझ्यानंतर वीस मिनिटांनी शाळेत पोचला. हे मेजरांनी कुणाला न विचारता ओळखलं होतं.

त्यांचं खरं वेड म्हणजे गिनती. फौजेत संध्याकाळी जवानांची हजेरी घेतात, तिला गिनती म्हणतात. मेजरांनी ती गावात सुरू केली. संध्याकाळी साडेसातला सायकल काढायची, खिशात वही, आणि ज्या ज्या घरात आठवीपासून पुढचा मुलगा आहे त्या दारासमोर उभं राहायचं. आत यायचे नाहीत. चहा घ्यायचे नाहीत. फक्त विचारायचे, "पोरगं हजर का गैरहजर?"

आया पोरांना पाठीशी घालायच्या. झोपलंय म्हणायच्या. मेजर म्हणायचे, "मग पाय तेवढे दाखवा." एका बाईनं आपल्या धाकट्या दिराचे पाय पांघरुणातून बाहेर काढून दाखवले. मेजरांनी ते नीट बघितले आणि म्हणाले, "नववीतल्या पोराच्या टाचंला एवढ्या भेगा न्हाईत पडत, वहिनी." पुढं आठवडाभर गावात तोच विषय होता.

एका बाईनं त्यांना चिडवून विचारलं होतं, "मेजर, आमच्या पोरीची न्हाई करत व्हय गिनती?"

"तिची सगळं गाव करतंय की," मेजर म्हणाले. "पानपट्टीवाला बी करतोय. माझी काय गरज?"

हे अगदी खरं होतं. मी आठवीत गेल्यापासून आमच्या घरात एक नियम होता. सातनंतर मुलीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. अंगणात दोरीवर कपडे राहिले तर ते सकाळपर्यंत दवात राहायचे, पण मी काढायला जायचं नाही. दादा त्याच वेळी घरासमोरच्या रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर मित्रांबरोबर बसलेला असायचा किंवा कुठंच नसायचा. तो कुठं आहे हे घरात कुणाला माहीत नसायचं आणि कुणी विचारायचंही नाही. आई त्याचं ताट झाकून ठेवायची. माझी पाळी चार दिवस उशिरा आली तरी आईच्या लक्षात यायचं. दादा चार दिवस शाळेत गेला नाही हे लक्षात आलं नव्हतं.

मुलींसाठी मेजरांचा कायदा बरोबर उलटा होता. शाळा सुटल्यावर मैदानावर थांबून खो-खो खेळायचा तर घरून परवानगी मिळायची नाही. खेळाच्या बाईंनी निरोप धाडले, काही झालं नाही. मग मेजरांनी फौजेतलाच दुसरा उपाय काढला, आउटपास. छावणीबाहेर जायला जवानाला मिळते तशी चिठ्ठी. जुन्या परीक्षांच्या पुठ्ठ्यांचे तुकडे कापून त्यावर त्यांनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, "सदर विद्यार्थिनीस सहा वाजेपर्यंत मैदानावर थांबण्याची परवानगी आहे. हुकमावरून." आणि खाली शाळेचा गोल शिक्का. शिक्क्याच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

आमच्या गावात माणसाच्या शब्दाला किंमत नसेल, पण गोल शिक्क्याला आहे. माझे वडील, आप्पा, साखर कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांनी तो पुठ्ठा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "सरकारी दिसतंय." माझा आउटपास कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला गेला. कोण 'हुकमावरून', कुणाचा हुकूम, हे कुणीही विचारलं नाही. मी दोन वर्षं पळाले. जिल्ह्याच्या संघात गेले.

मैदानावरून घरी जाताना कालव्याच्या रस्त्यावर मोटरसायकली मागे यायच्या. हॉर्न, शिट्ट्या, कधी नाव घेऊन हाक. आम्ही घरात सांगायचो नाही. सांगितलं की मागे येणाऱ्याची गाडी बंद होत नाही, आपली शाळा बंद होते, हे सहावीतल्या मुलीलाही माहीत होतं. मेजरांना मात्र आम्ही सांगितलं. ते शिपाई, ते कुणाला काय सांगणार. दुसऱ्या दिवसापासून ते सायकल घेऊन आमच्यासोबत यायला लागले, पण दहा पावलं पुढं. मागं का नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "पोरींच्या मागनं येणारे लय हायत. आपण फुडं चालायचं."

त्या गाड्यांवरच्या एका मुलाचा आवाज मला ओळखीचा होता. तो दादाचा मित्र होता. एकदा मागच्या सीटवर दादाच होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. ज्या पोरांच्या भीतीनं आम्हाला सातच्या आत कोंडत होते, ती पोरं याच घरांतली होती. कुणाच्या तरी आईनं त्यांचंही ताट झाकून ठेवलेलं होतं. हे मला तेव्हा कळलं आणि तेव्हापासून जो राग आला तो अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी सांगलीत आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. वयात येणारी मुलं वाईट वाटेला का लागतात आणि त्यांना कशानं वाचवता येतं, असा विषय होता. पडद्यावर दोन रकाने होते. मुलींच्या रकान्यात होतं, घरात न भिता बोलता येणं, खेळ, पुढं शिकायला मिळेल ही आशा. मुलांच्या रकान्यात पहिलंच होतं, तो कुठं आहे आणि कुणाबरोबर आहे हे आईवडिलांना माहीत असणं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. माझ्या शेजारचे शिक्षक उतरवता उतरवता मला सांगत होते, मुलीला मी फोन दिला नाही आणि पोराच्या फोनला मी हात लावत नाही, पोरगं चिडतं. मी त्या दिवशी जेवले नाही. एक हवालदार हे सगळं परीक्षेच्या पुठ्ठ्यावर लिहून गेला होता, आणि त्याबद्दल त्याला काय मिळालं ते आता सांगते.

दादा दहावी झाला आणि आप्पांनी त्याला मोटरसायकल घेऊन दिली. कॉलेजला जायला म्हणून. मग चौकात फ्लेक्स लागले, काळा चष्मा लावलेला दादा, खाली आठ-दहा शुभेच्छुक. रस्त्यात गाडीवर केक ठेवून तो तलवारीनं कापायची पद्धत आली होती. दादाचाही कापला. आईनं तो व्हिडिओ शेजारणीला कौतुकानं दाखवला. त्याच्या तोंडाला येणारा वास तिला येत नव्हता असं मी म्हणणार नाही. ती बडीशेप आणून ठेवायला लागली होती.

दादा आता शाळेत नव्हता, तरी मेजर आमच्या दारात यायचे. अठरा होईपर्यंत वहीतून नाव काढत नाही म्हणायचे. एका संध्याकाळी आप्पा पाळीवरून वैतागून आले होते. मेजरांनी विचारलं, "हजर का गैरहजर?"

आप्पा म्हणाले, "मेजर, तुमी शाळंची घंटा वाजवा. आमच्या पोराची नगं."

गावात आणखी चार जणांना तसंच वाटत होतं. त्यात एक शाळेच्या संस्थेचे संचालक होते. त्यांचा मुलगाही बहुतेक गैरहजर असायचा. शिपायानं आपल्याला जाब विचारायचा हे त्यांना सहन झालं नाही. हेडमास्तरांनी मेजरांना लेखी दिलं की कुणाच्याही दारात थांबायचं नाही.

मेजर हुकूम पाळणारे. त्या दिवसापासून ते थांबले नाहीत. साडेसातला सायकल यायची, दारासमोर एकदाच घंटी वाजायची आणि सायकल पुढं जायची. आप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "वाजवून गेला बघ." मी अभ्यासाची वही घेऊन दाराशी बसलेली असायची आणि उंबऱ्यापलीकडच्या अंधाराकडे बघायची.

दादाचा अपघात झाला तो जत्रेच्या दिवशी, भर दुपारी चार वाजता. गाडीवर तिघं, तिघंही प्यालेले, समोर उसाची ट्रॉली. बाकीचे दोघं खरचटण्यावर सुटले. दादाच्या उजव्या पायाचे तीन तुकडे झाले. सांगलीला नेऊन आत रॉड घालावा लागला. पोलीस आले, गेले. गावभर झालं.

आणि मग आमच्या घरानं जो निर्णय घेतला तो आमच्याच भागातली माणसं घेऊ शकतात. दादा दवाखान्यातून घरी आला त्याच रात्री जेवताना आप्पा म्हणाले, उद्यापासून पोरीनं शाळेत जायचं नाही. मी दहावीत होते. आई म्हणाली, एकाचं झालं तेवढं बास, आता घरात वयात आलेली पोरगी आहे, लोक घराकडं बोट दाखवायला लागले. मामांनी वाळव्याकडचं एक स्थळही सुचवलं होतं. मी दादाकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. पलंगाखाली त्याचा एकच बूट होता. कॅलेंडरच्या खिळ्यावरून आउटपास आप्पांनी स्वतःच काढला आणि फळीवर टाकला.

मी चार दिवस गैरहजर राहिले. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मेजर आले आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले. बूट मात्र बाहेर काढले. पायातल्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. इतक्या चमकणाऱ्या बुटाच्या आत फाटका मोजा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी दादाच्या पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आप्पांना म्हणाले, "पाय त्याचा मोडलाय. प्लास्टर हिला कशापायी घालताय?"

आप्पा म्हणाले, "तुमाला न्हाई कळायचं. पोरीची जात हाय."

"आणि त्याची?"

"त्यो काय, पोरगा हाय."

मेजर आईला म्हणाले, "वहिनी, त्यो कुटं जातोय हे दोन वर्षांत एकदा तरी इचारलं आसतं, तर आज हिला घरात बसवायची पाळी आली नसती." आईनं पदर तोंडाला लावला. आप्पा उठून बाहेर गेले. म्हणजे मेजरांनी आता जावं.

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली नाही.

दहा चाळीसला सगळी शाळा मैदानात उभी आणि मेजर वऱ्हांड्यात दांडकं काखेत धरून सावधान उभे. हेडमास्तरांनी विचारलं तर म्हणाले, "दहावीतली एक कमी हाय सर. गिनती पुरी झाल्याबिगर परेड सुरू हुईत न्हाई." हेडमास्तरांनी शिट्टी वाजवून वर्ग भरवले. मेजर तिथंच उभे. दुसऱ्या दिवशी तेच. दांडकं मागितलं तर देईनात. खुरपणीच्या बायांना उशीर झाला. गिरणीवाल्यानं शाळेत येऊन विचारलं. तिसऱ्या दिवशी आप्पा पाळीवरून येत होते तर एस.टी.च्या थांब्यापासून घरापर्यंत सात जणांनी त्यांना अडवून विचारलं, "तुमच्या पोरीपायी घंटा बंद हाय म्हणं?"

ज्या गावाच्या तोंडाला भिऊन मला घरात बसवलं होतं, त्याच तोंडाला भिऊन आप्पांनी मला बाहेर सोडलं. त्यांचं मन वगैरे काही बदललं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. चौथ्या दिवशी मी दप्तर घेऊन फाटकात गेले. दहा पंचेचाळीस झाले होते. मेजरांनी टाचा जुळवून सॅल्यूट केला आणि मग टोले दिले. ते टोले मी अजून मोजू शकते.

महिन्याभरात चौकशी लागली. दोन ठपके होते. शाळेच्या कामात अडथळा आणला आणि शाळेच्या शिक्क्याचा गैरवापर केला. मुलींकडून आउटपास गोळा केले. आमच्या घरातला आप्पांनी स्वतः नेऊन दिला. मला ऑफिसात बोलावून लिहून द्यायला सांगितलं की हा पुठ्ठा मला कुणी दिला. मी रडत बाहेर आले. मेजर घंटेखाली उभे होते. म्हणाले, "खरं तेच लिही. शिक्का खराच हाय की." मी लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं होतं, हेडमास्तरांनी त्याचंही कौतुक केलं.

मेजरांना कामावरून कमी केलं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची, त्याला गाडी देणाऱ्याची, तलवारीनं केक कापणाऱ्याची, कुणाचीही चौकशी झाली नाही. गावात शिक्षा एकालाच झाली. पोरगं कुठं आहे असं जो विचारत होता त्याला.

बी.ए. झाल्यावर मी त्यांना शोधत महाबळेश्वरला गेले. एका हॉटेलच्या फाटकात ते रखवालदार होते. आत जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहीत होते. बूट तसेच. मी पदवीचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. ह्याला कोण न्हाई अडवणार." मी पाया पडायला वाकले तर मागे सरकले. ड्युटीवर आहे म्हणाले. मी निघताना मात्र त्यांनी विचारलं, "भाऊ हजर का गैरहजर?"

मी हजर म्हणाले. तसा तो हजरच होता. लंगडत चालायचा, पानपट्टी चालवायचा, पीत नव्हता.

घरी आल्यावर मी दादाला हे सांगितलं. तो दुकानाची फळी पुसत होता. बराच वेळ पुसतच राहिला.

"तुला ठाव हाय का," तो म्हणाला, "मेजर घंटी वाजवायचा तवा मी कुटं आसायचो? समोर मोरीवरच. अंधारात. त्याला दिसायचो मी. पण त्यानं मला कवा हाक मारली न्हाई. घराकडं तोंड करून घंटी वाजवायचा आन जायाचा."

"मग तू घरात का नाही यायचास?"

"वाट बघायचो," दादा म्हणाला. "वाटायचं, आता कोनतरी दारात यील आन हाक मारंल. रोज वाटायचं. मग गाडीला किक मारायचो."

मी दाराशीच बसलेली असायची. मोरी आमच्या उंबऱ्यापासून वीस पावलांवर होती. मी अंधारात जाऊन बघितलं असतं, हाक मारली असती. पण साडेसात वाजलेले असायचे, आणि मुलीनं सातनंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं.